घरच्या व्यापारात बँकर व्हायचंय? आधी वही उघडा

सुट्टीत चार-पाच जण व्यापार खेळायला बसले की पहिला तासभर सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग कुणीतरी म्हणतं, "मी भाडं मघाशीच दिलं." समोरून विचारणा होते, "कधी? कुणासमोर?" तिथून फासे बाजूला राहतात आणि गेल्या दिवाळीतलं भांडणही उकरून काढलं जातं. खरं तर यात लबाडी क्वचितच असते. बँकरच्या मांडीवर नोटांचा ढीग असतो, स्वतःचे पैसे त्याच ढिगाला लागून असतात, कुणाची कुठली जागा गहाण आहे ते फक्त त्याच्या डोक्यात असतं, आणि डोकं पोह्यांच्या बशीत असतं.

पहिल्यांदाच ज्यांच्या गळ्यात बँकरची माळ पडली आहे त्यांच्यासाठी हा लेख. खेळ नवा व्यापार असो, बिझनेस असो किंवा मोनोपॉली, हिशेबाची पद्धत एकच. आकडे मात्र डब्याडब्यात वेगळे असतात, म्हणून इथे मी मोनोपॉलीचे छापील आकडे धरतो. तुमच्या डब्यातल्या नियमपत्रकाप्रमाणे ते बदलून घ्या. सगळ्या लेखभर एकच सूत्र आहे: जे पटावर दिसतं ते लिहीत बसू नका, आणि जे दिसत नाही ते पुढचा फासा पडायच्या आत लिहा.

१. डबा उघडला की आधी मोजदाद

खेळाआधी दहा मिनिटं लागतात आणि ती कुणालाच द्यायची नसतात. तरी द्या. नोटा रकमेप्रमाणे वेगळ्या करून मोजा. मोनोपॉलीच्या हल्लीच्या डब्यात सात प्रकारच्या नोटा असतात: ५००, १००, ५०, २०, १०, ५ आणि १. प्रत्येकी ३० नोटा, म्हणजे सगळे मिळून २०,५८०. त्याआधीच्या डब्यांत बेरीज १५,१४० होती, कारण मोठ्या नोटा कमी आणि छोट्या जास्त होत्या. तुमच्या डब्यातल्या दोन नोटा कपाटाखाली गेल्या असतील आणि एक धाकट्यानं चघळली असेल, तर जी खरी बेरीज येईल ती झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवा. पुढे ताळा करायचा तो याच आकड्याशी.

मग कार्डं. विकत घेता येणाऱ्या जागा २८ असतात: रंगांच्या आठ गटांत २२, चार स्टेशनं, आणि वीज व पाणी या दोन कंपन्या. घरं ३२, हॉटेलं १२. घरं कमी भरली तर डाळीचे दाणे किंवा बटणं घालून आकडा पुरा करावासा वाटतो. नियमाप्रमाणे खेळायचं असेल तर ३२ च्या वर जाऊ नका. घरांची टंचाई हा खेळाचाच भाग आहे, त्यावर पुढे येतो.

एखादं कार्ड हरवलेलं असेल तर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापा आणि किंमत, भाड्याचे सगळे टप्पे, घराचा खर्च, गहाणाची रक्कम हे सगळं त्यावर उतरवा. भाड्याचे टप्पे आठवत नसतील तर त्याच रंगाच्या दुसऱ्या कार्डावरचे घ्या. एका गटातल्या जागांमध्ये फरक थोडाच असतो.

२. बँकर कोण, आणि त्यानं खेळावं का

बँकरनं खेळायला हरकत नाही, फक्त त्याचे पैसे आणि बँकेचे पैसे यांच्यात हाताएवढं तरी अंतर हवं. मोनोपॉलीच्या नियमांतही हेच सांगितलं आहे, आणि पाचपेक्षा जास्त खेळाडू असतील तर बँकरनं हवं तर नुसती बँक आणि लिलाव सांभाळावा अशीही मुभा आहे. माझं मत विचाराल तर घरात जी व्यक्ती खेळायला नाखूश पण गप्पांना तयार असते, तिला बँकर करा. आजी उत्तम. पाचवी-सहावीतलं मूलही चालतं, किंबहुना मोठ्यांपेक्षा ते जास्त कडक असतं. काका आहेत म्हणून दहा रुपये सोडत नाही.

पैसे ठेवायला मिठाईचं रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून सात कप्पे करा. मोड देताना वाण्याच्या गल्ल्यावर चालतो तोच रिवाज पाळा: आलेली नोट आधी सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवायची, मोड मोजून द्यायची, आणि मग ती नोट कप्प्यात टाकायची. "मी पाचशेची दिली होती, शंभरची नाही" हा वाद एवढ्यानंच संपतो.

३. सुरुवातीचं वाटप

प्रत्येकाला १५००. जुन्या पद्धतीत ते असे येतात: ५०० च्या दोन, १०० च्या दोन, ५० च्या दोन, २० च्या सहा, १० च्या पाच, ५ च्या पाच, १ च्या पाच. वाटून झाल्यावर प्रत्येकानं आपले पैसे मोठ्यानं मोजायचे. लहान मुलांना हे फार आवडतं आणि पहिली चूकही इथेच सापडते.

नवख्या मंडळींत अजून एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: नोटा लपवायच्या का? नियम काही सांगत असोत, घरात पैसे उघडे, रकमेप्रमाणे लावून आपल्यासमोर ठेवलेले बरे. पटाखाली नोट सरकवून ठेवण्यात जी गंमत आहे ती रडीच्या डावाची आहे, आणि तिचा त्रास शेवटी बँकरलाच होतो.

४. वही किती लिहायची

इथे बहुतेक नवे बँकर दोनांपैकी एका टोकाला जातात. एक तर काहीच लिहीत नाहीत, किंवा प्रत्येक २ रुपयांच्या भाड्याची नोंद करत सुटतात आणि डाव कासवाच्या गतीनं सरकतो.

नोटा पुरेशा असतील तर रोकड लिहू नका. ती समोर पडलेली आहे. लिहायच्या त्या तीनच गोष्टी: कोणती जागा कुणाची, काय गहाण आहे, आणि कुणामध्ये काय सौदा झाला. एक पान पुरतं.

नोटा फाटल्या असतील, कमी असतील किंवा प्रवासात नुसता पट घेऊन खेळत असाल, तर मात्र रोकडही वहीतच चालवावी लागते. त्याला रोजमेळ हवा, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. आडव्या पानावर प्रत्येक खेळाडूचा एक रकाना आखा, डावीकडे तपशील, आणि अगदी उजवीकडे "सर्वांची बेरीज" असा एक रकाना. समजा आजी, बाबा, ताई आणि दादा खेळतायत. पहिली फेरी अशी गेली:

सुरुवात: आजी १५००, बाबा १५००, ताई १५००, दादा १५००. बेरीज ६०००.
आजीनं स्टेशन घेतलं, २०० बँकेला: आजी १३००. बेरीज ५८००.
बाबांनी आकाशी गटातली जागा घेतली, १०० बँकेला: बाबा १४००. बेरीज ५७००.
ताई आजीच्या स्टेशनवर आली, भाडं २५: ताई १४७५, आजी १३२५. बेरीज ५७००.
दादानं आयकर भरला, २००: दादा १३००. बेरीज ५५००.

आता शेवटचे चार आकडे मिळवा: १३२५, १४००, १४७५, १३००. येतात ५५००. जुळलं.

या शेवटच्या रकान्यातच सगळी किल्ली आहे. खेळाडूंनी एकमेकांना पैसे दिले तर बेरीज हलत नाही. पैसे बँकेत गेले तर तेवढीच कमी होते, बँकेतून आले तर तेवढीच वाढते. ताईचं भाडं लिहिताना तिचे २५ वजा केले आणि आजीला द्यायचे विसरलात, तर पुढच्या बेरजेत बरोबर २५ चा फरक दिसतो, आणि फरकाचा आकडाच सांगतो कुठली ओळ बघायची. फरक बरोबर दुप्पट, म्हणजे ५० आला, तर समजा की द्यायचे ते घेतले गेले किंवा घ्यायचे ते दिले गेले. हे जुन्या मुनीम मंडळींचं शहाणपण आहे आणि आजही चालतं.

ताळा दर ओळीला नको. सगळ्यांची एक-एक पाळी झाली की करा. खोडरबर वापरू नका. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा, म्हणजे "बाबांनी मागनं बदललं" असं कुणी म्हणणार नाही.

नोटांनी खेळत असाल तर ताळा याहून सोपा. तासाभरानं सगळ्यांचे पैसे आणि बँकेतले पैसे मोजायचे, बेरीज झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढी यायला हवी. बँकेतले पैसे संपले तर? बँक कधीच बुडत नाही, असा नियम आहे. बँकरनं साध्या कागदावर रक्कम लिहून चिठ्ठ्या काढायच्या. फक्त जेवढ्या रुपयांच्या चिठ्ठ्या काढल्या तेवढे झाकणावरच्या आकड्यात मिळवून ठेवा.

फोनवर स्प्रेडशीट चालवणाऱ्यांनाही हेच रकाने पुरतात, बेरीज आपोआप होते एवढाच फायदा. तोटा असा की फोन एकाच्या हातात राहतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. कागद मध्ये पडलेला असतो, कुणीही डोकावू शकतं.

५. मालमत्तेचं पान

याला आमच्याकडे सातबारा म्हणतात. मोठ्या कागदावर २८ ओळी आधीच लिहून ठेवा, पटावर ज्या क्रमानं जागा येतात त्याच क्रमानं. रकाने पाच: जागा, छापील किंमत, मालक, घरं, बोजा. मालक आणि घरं पेन्सिलनं, कारण ते बदलणार. हे पान एकदा करून त्याच्या झेरॉक्स काढून डब्यात ठेवल्या की दर वेळी आखायला नको.

छापील किंमत वेगळी का लिहायची हे नव्या माणसाला कळत नाही. कारण असं की जागा दर वेळी छापील किमतीलाच जात नाही. ज्याची सोंगटी पडली त्यानं घ्यायला नकार दिला, तर नियमानं बँकेनं तिथल्या तिथे लिलाव करायचा असतो आणि नकार देणाराही बोली लावू शकतो. आपल्याकडे हा लिलाव बहुतेक घरांत गाळलाच जातो, आणि त्यामुळे डाव उगाच लांबतो. लिलावात नारिंगी गटातली १८० ची जागा इरेला पेटून कुणी ३१० ला घेतली, तरी ती गहाण टाकताना बँक तिच्यावर ९० च देणार. छापील किमतीचे निम्मे. घेणाऱ्यानं किती मोजले याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. पानावर ३१० लिहून ठेवलंत तर तासाभरानं कुणीतरी १५५ मागणार हे नक्की.

मालकाच्या रकान्यावर भाडंही ठरतं. एक स्टेशन असेल तर भाडं २५, दोन असतील तर प्रत्येकी ५०, तीन असतील तर १००, चारही असतील तर २००. वीज-पाण्याचं भाडं फाशांवर: एक कंपनी असेल तर पडलेल्या दानाच्या चौपट, दोन्ही असतील तर दहापट. आणि एका रंगाच्या सगळ्या जागा एकाकडे आल्या की घर बांधायच्या आधीच मोकळ्या जागेचं भाडं दुप्पट होतं. हे दुप्पट भाडं घराघरांत विसरलं जातं, म्हणून गट पुरा झाला की पानावर त्या गटाभोवती कंस काढा आणि मोठ्यानं सांगा.

सांगायचं ते एवढंच. भाडं मागणं बँकरचं काम नाही. जागा ज्याची, मागायची जबाबदारी त्याची, आणि पुढचे दोन खेळाडू फासे टाकून मोकळे झाले की त्या भाड्यावर पाणी. काही बँकर चांगुलपणानं "अहो वहिनी, तुमचं भाडं राहिलं" म्हणून आठवण करून देतात. ज्याला द्यायचं आहे तो मग दिवसभर बँकरवर रुसतो. मालक तुरुंगात बसला असला तरी त्याला भाडं मिळतं, हे मात्र विचारलं तर सांगावं. जागा गहाण असेल तर नाही मिळत.

सुरुवातीच्या चौकोनावरून पुढे गेल्याचे २०० बँकेकडून मिळतात, त्यालाही मुदत लावा, पण याहून कडक. पुढच्याचा फासा पडायच्या आत मागितले तर मिळाले. "मागच्या फेरीतले राहिले" या वाक्याला एकदा होकार दिलात की प्रत्येकाचे मागच्या फेरीतले राहिलेले असतात.

६. गहाण

हिशेबात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

जागा गहाण टाकायची तर त्या रंगाच्या गटात कुठेही घर किंवा हॉटेल उभं असता कामा नये. आधी ती सगळी बँकेला विकायची, आणि बँक ती निम्म्या किमतीत घेते. मग कार्ड उलटं करायचं, बँकेनं छापील किमतीचे निम्मे द्यायचे, आणि बँकरनं बोज्याच्या रकान्यात रक्कम लिहायची. कार्ड मालकाकडेच राहतं. ते बँकेत जमा करून घेऊ नका. जागा त्याचीच आहे, फक्त भाडं बंद आहे. गटातली एक जागा गहाण पडली तरी बाकीच्यांवरचं दुप्पट भाडं चालू राहतं, गट एकाचाच आहे तोवर.

सोडवताना मुद्दल अधिक १० टक्के. १८० च्या जागेवर ९० मिळाले होते, सोडवायला ९९ लागतील. व्याज एकदाच, ते फेऱ्यांवर चढत नाही. वीज कंपनीची किंमत १५०, गहाणाचे ७५, व्याज साडेसात. अशा वेळी वरचा पूर्णांक धरा, म्हणजे ८३. अर्ध्या रुपयाची नोट कुणाकडेच नाही.

आता गहाण जागा विकली तर? विकता येते, कुठल्याही ठरलेल्या किमतीला. पण घेणाऱ्यानं ती हातात येताक्षणी बँकेला १० टक्के भरायचे. तेव्हाच सोडवली तर ९० आणि ९, संपलं. तेव्हा सोडवली नाही तर आत्ता नुसते ९, आणि पुढे कधी सोडवेल तेव्हा पुन्हा ९० आणि ९. एकूण १०८. ताईनं दादाकडून "स्वस्तात" घेतलेली गहाण जागा किती महागात पडली हे तिला या ओळीवरून कळतं, आणि कळायला हवं ते सौदा व्हायच्या आधी. म्हणून गहाण जागेचा सौदा चालला असेल तर बँकरनं बोज्याचा रकाना वाचून दाखवावा. मालमत्तेचं पान सगळ्यांना खुलं असलं की वाचून दाखवण्यात पक्षपात राहत नाही.

उधारीचं काय? नियम साफ आहे: कर्ज फक्त बँक देते, तेही गहाणावरच. खेळाडूंनी एकमेकांना उसने पैसे द्यायचे नाहीत. तरी घरात कुणी मामा भाच्याला वाचवायला धावतोच. तुमच्या घरात चालत असेल तर सुरुवातीलाच ठरवा आणि पानाच्या तळाशी चार शब्दांत नोंदवा: कुणी, कुणाला, किती, कधीपर्यंत. माझा सल्ला, चालवू नका. उधारीनं हरणारा डाव लांबतो, आणि ज्याला उधार मिळालं नाही तो जेवणापर्यंत बोलत नाही.

७. घरं आणि हॉटेलं

घर बांधायला रंगाचा पूर्ण गट हवा, आणि घरं सारखी वाढवायची: एका जागेवर दुसरं घर तेव्हाच, जेव्हा गटातल्या प्रत्येक जागेवर पहिलं झालेलं असेल. विकतानाही तसंच उतरायचं. हॉटेल म्हणजे चार घरं बँकेला परत आणि वर एका घराची किंमत.

ही सगळी पटावर दिसतात, मग लिहायची कशाला? कारण पट हलतो. मांजर येतं, दूरवरून कुणीतरी फासे फेकतो, आणि सहा घरं एका कोपऱ्यात गोळा होतात. घरांच्या रकान्यात प्रत्येक घरामागे एक उभी रेघ मारा, हॉटेल झालं की चारही रेघांवर आडवी मारून "हॉ" लिहा. दुसरा उपयोग पटावरच्या गड्डीतून निघणाऱ्या दुरुस्तीच्या चिठ्ठीला होतो. "प्रत्येक घरामागे २५, प्रत्येक हॉटेलमागे १००" अशी चिठ्ठी निघाली आणि माणसाची पाच घरं, तीन हॉटेलं असतील तर ४२५ होतात. ४० आणि ११५ वाली चिठ्ठी निघाली तर ५४५. त्याला पटभर शोधत बसू दिलंत तर दर वेळी एक घर कमीच सापडतं.

बँकेकडची घरं आणि पटावरची घरं मिळून ३२ व्हायला हवीत. बँकेकडची संपली की कुणी तरी विकेपर्यंत किंवा हॉटेल बांधेपर्यंत दुसऱ्याला बांधता येत नाही. दोघांना एकच शेवटचं घर हवं असेल तर लिलाव. कसलेले खेळाडू मुद्दाम हॉटेल न बांधता चार-चार घरांवर थांबतात, म्हणजे बाजारात घरंच उरत नाहीत. हे बँकरनं ओळखावं, पण बोलू नये. हीच टंचाई दुसऱ्या टोकाला चावते: हॉटेल मोडून पैसे करायचे म्हटलं आणि बँकेकडे चार घरं नसली, तर नुसतं हॉटेल उतरवून घरं ठेवता येत नाहीत.

८. सौदे

"तुझं लाल मला दे, माझं स्टेशन घे, वर १५०." असा सौदा झाला की दोघांनी आपापली बाजू मोठ्यानं म्हणायची, बँकरनं मालकाचे दोन्ही रकाने बदलायचे, मग नोटा आणि कार्डं हलायची. क्रम हाच. घरं असलेल्या गटातली जागा विकता येत नाही, आधी घरं उतरवायची. सौद्याच्या भरात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून बँकरनं घरांच्या रकान्यावर नजर टाकावी.

"पुढच्या तीन वेळा मी तुझ्याकडून भाडं घेणार नाही" अशी वचनं घराघरांत चालतात. नियमपुस्तकात त्यांना जागा नाही. चालवायची असतील तर लिहायची, आणि प्रत्येक वेळी वापरली की एक रेघ मारायची. बिनलिखित वचनं बँकेनं ओळखू नयेत.

करांचे पैसे पटाच्या मधोमध ठेवून एका कोपऱ्यावर येणाऱ्याला सगळा ढीग द्यायचा, ही पद्धत फार लोकप्रिय आहे. मूळ नियमांत ती नाही. कर बँकेत जातो, आणि फुकट विश्रांतीचा कोपरा खरोखरच फुकट विश्रांतीचा आहे. ढीग ठेवायचाच असेल तर रोजमेळात त्याचा वेगळा रकाना आखा आणि तो खेळाडूसारखाच बेरजेत धरा, नाहीतर ताळा जन्मात जुळणार नाही. शिवाय बाहेर जायचे पैसे खेळात परत येतात म्हणून डाव दुपारचा रात्रीवर जातो, ते वेगळंच.

जाता जाता एक. या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी यांच्या जमीनदारीच्या खेळात आहे, ज्याचं पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. जमिनीच्या भाड्यानं एकजण कसा गबर होतो आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे दाखवायला त्यांनी तो बनवला होता. पार्कर ब्रदर्सनं १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आणली तेव्हा गबर होणं हेच उद्दिष्ट उरलं. आपल्या आजीला लाल गटावर सलग तिसरं हॉटेल चढवताना पाहिलं की लिझीबाईंचं म्हणणं पटतं.

९. कुणी बुडालं तर

बुडणारा दुसऱ्या खेळाडूच्या देण्यात बुडाला, तर त्याची घरं बँकेला निम्म्या किमतीत जातात, ते पैसे, उरलेली रोकड आणि सगळ्या जागा ज्याचं देणं होतं त्या खेळाडूला. गहाण जागांवरचे १० टक्के त्या जागा मिळालेल्या खेळाडूनं लगेच भरायचे, हे तेव्हाच सांगा; जिंकल्याच्या आनंदात तो भरत नाही. बँकेच्या देण्यात बुडाला तर जागा बँकेकडे येतात आणि त्यांचा लगेच लिलाव होतो. दोन्ही वेळी रोजमेळात त्याचा रकाना शून्यावर आणून खाली दुहेरी रेघ मारा.

१०. अर्धवट डाव उद्यावर नेताना, आणि शेवटची मोजणी

रात्री अकराला उठायची वेळ आली तर पट उचलायच्या आधी फोनवर वरून एक फोटो काढा. मग प्रत्येकाची रोकड मोजून मालमत्तेच्या पानाच्या मागे लिहा आणि त्याची त्याची नोटांची आणि कार्डांची गड्डी रबर लावून वेगळी ठेवा. कुणाची पाळी होती तेही लिहा. सकाळी पहिला वाद त्याचाच होतो. चिठ्ठ्यांची गड्डी जशी आहे तशी ठेवा, पिसू नका.

डाव वेळेत संपवायचा असेल तर तास आधी ठरवा आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांची मालमत्ता मोजा. रोकड जशीच्या तशी. मोकळ्या जागा छापील किमतीला, गहाण जागा निम्म्या किमतीला. घरं ज्या किमतीला घेतली त्या किमतीला, आणि हॉटेल म्हणजे पाच घरांची किंमत.

समजा बाबांकडे रोकड ११००, शिवाय ३००, ३२० आणि १५० च्या तीन मोकळ्या जागा. एकूण १८७०. आजीकडे रोकड फक्त ३८५. पण लाल गट पूर्ण तिचा, २२०, २२० आणि २४०, म्हणजे ६८०; प्रत्येकावर दोन घरं, एकूण सहा, प्रत्येकी १५० प्रमाणे ९००; आणि गहाण पडलेलं एक स्टेशन निम्म्यानं १००. बेरीज २०६५. नोटांची जाड गड्डी बाबांकडे आणि डाव आजीचा, १९५ नं. ही बेरीज बोटानं दाखवत, मालमत्तेच्या पानावरून ओळ ओळ वाचत करा. बाबा तरीही पुन्हा मोजायला सांगतील. मोजा.

नोटांचा डाव असेल तर शेवटी झाकणावरच्या आकड्याशी एकदा ताळा करून घ्या. पाच-दहाचा फरक आला तर सतरंजी झटका, तिथेच असतात. मोठा फरक आला आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर त्याहून कमी असेल, तर दोघांना बरोबरीत सोडा आणि नोटा रकमेप्रमाणे लावून, प्रत्येक गड्डीला कागदाची पट्टी गुंडाळून, पट्टीवर नोटांची संख्या लिहून डबा बंद करा.